माला-एन सुरू करताना: पर्चीपासून वर्षाच्या तपासणीपर्यंत

गर्भनिरोधक गोळ्या मी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केल्या. वर्ष झाल्यावर हे लिहिते आहे. इंदूरमध्ये दवाखान्यात सगळं बोलणं हिंदीत होतं, पाकिटातला कागद बारीक अक्षरात असतो आणि घरातल्या मोठ्या बायकांकडे विचारलं तर ‘त्या गोळ्यांनी अंग सुटतं’ एवढंच कळतं. म्हणून कुठे जायचं, काय विचारतात, खर्च किती आणि गोळी चुकली तर नेमकं काय करायचं, हे घडलं त्या क्रमाने मांडते.

माला-एन ही दोन संप्रेरकांची एकत्रित गोळी आहे. एका पांढऱ्या गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडिऑल असतं. अशा २१ पांढऱ्या गोळ्या आणि वर ७ तपकिरी गोळ्या, मिळून २८. तपकिरी गोळ्यांत फक्त लोह आहे, ६० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेट. माला-एन सरकारी केंद्रांवर फुकट मिळते. माला-डी म्हणजे हेच औषध, दुकानात नाममात्र किमतीला विकलं जाणारं. खाजगी कंपन्यांची याच घटकांची पाकिटं शंभर रुपयांच्या आतबाहेर आणि लेव्होनॉरजेस्ट्रेलऐवजी ड्रोस्पिरेनोन हे संप्रेरक असलेली नव्या प्रकारची तीनशेच्या पुढे मिळतात. महाग म्हणजे अधिक सुरक्षित असं नाही. रक्तात गुठळी होण्याचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळ्यांत ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या गोळ्यांपेक्षा कमीच असतो.

माला-डी कुठल्याही मेडिकलवर मागितली की मिळते आणि समोरचा काही विचारत नाही. मला काळजी वाटते ती इथेच. ही गोळी बहुतेक निरोगी बायकांना चालते, पण काहींना अजिबात चालत नाही, आणि आपण त्या काहींत आहोत का हे आधी दोन-चार प्रश्न विचारून आणि रक्तदाब मोजूनच कळतं. म्हणून संक्रांत झाल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सरकारी प्रसूती रुग्णालयाच्या ओपीडीत गेले. पर्ची दहा रुपयांना मिळाली. सकाळी नऊच्या सुमारास रांगेत लागले आणि डॉक्टरांपर्यंत पोचायला साडेअकरा झाले. सोमवारी गर्दी फार असते, मधला वार धरावा. सोबत आधार कार्ड, सध्या चालू असलेल्या औषधांची पट्टी किंवा नाव आणि शेवटच्या पाळीची तारीख हवी. तारीख कागदावर लिहून न्यावी, आत गेल्यावर हमखास गोंधळ होतो.

रक्तदाब मोजण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. जिना चढून आल्या आल्या सिस्टरनी पट्टा बांधला तेव्हा आकडा आला १३८/८८. डॉक्टर म्हणाल्या, ‘बैठिए आराम से, फिर लेंगे.’ दहा मिनिटांनी, पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला आणि तोंड बंद, असं मोजलं तर १२२/७८. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की ही गोळी सहसा देत नाहीत. १६०/१०० च्या पुढे तर मुळीच देत नाहीत. घाईत घेतलेल्या एका आकड्यावरून गोळी नाकारली जाऊ नये आणि खरंच वाढलेला रक्तदाब ‘चालून आलात म्हणून’ असं म्हणून सोडूनही दिला जाऊ नये. दुसऱ्यांदा मोजून घ्या.

मग प्रश्न. वय आणि विडी-सिगारेट: पस्तिशीच्या पुढे धूम्रपान असेल तर नको. पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली आहे का, आईवडील-भावंडांपैकी कुणाला तरुण वयात झाली आहे का. हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, चालू कावीळ, पित्ताशयाचं दुखणं, खूप जुना मधुमेह. मोठं ऑपरेशन ठरलेलं आहे का, कारण ज्यानंतर पडून राहावं लागणार आहे अशा ऑपरेशनच्या चार आठवडे आधी गोळी बंद करतात. बाळंतपण कधी झालं आणि अंगावर पाजता का: पाजणारीला पहिले सहा आठवडे ही गोळी बिलकूल नाही आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो नाही. न पाजणारीलाही पहिले तीन आठवडे नाही. बाळंतिणीला गुठळीचा धोका आधीच जास्त असतो.

अर्धशिशीच्या प्रश्नाला ‘हो, डोकं दुखतं कधीकधी’ एवढं उत्तर देऊन भागत नाही. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात का, नजरेचा एखादा भाग नाहीसा होतो का, एका हाताला किंवा ओठाला मुंग्या येऊन त्या वर सरकतात का, बोलताना शब्द सापडत नाहीत का, हे आठवून सांगायचं. ही लक्षणं पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतात. ती येत असतील तर वय कितीही असो, एकत्रित गोळी घ्यायची नाही, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. कित्येक जणी हे ‘ऊन लागलं’, ‘पित्त झालं’ म्हणून सोडून देतात. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा.

औषधांचा प्रश्नही असाच. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटसाठीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटॉन ही औषधं यकृताला गोळीतली संप्रेरकं लवकर मोडायला लावतात, त्यामुळे गोळी नियमित घेऊनही गर्भ राहू शकतो. रिफाम्पिसिन बंद केल्यावरही हा परिणाम चार आठवडे राहतो. फिटसाठीच्याच लॅमोट्रिजिनचं उलट आहे. गोळीमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण घटतं आणि फिट येऊ शकते. सर्दी-खोकल्याला, लघवीच्या जंतुसंसर्गाला देतात ती नेहमीची अँटिबायोटिक्स मात्र गोळीचा परिणाम कमी करत नाहीत.

तपासण्यांची लांबलचक यादी निघाली नाही आणि ती लागतही नाही. निरोगी बाईला गोळी सुरू करण्यासाठी अनिवार्य काय, तर रक्तदाब आणि ही चौकशी. आतून तपासणी किंवा सोनोग्राफी त्यासाठी गरजेची नसते. गर्भ असण्याची शंका असेल तर लघवीची चाचणी करतात. पहिल्या वेळी तीन पाकिटं मिळाली. सगळा खर्च पर्चीचा.

तिथेच एक खुलासा मागून घेतला, कारण काउंटरवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले असतात. ‘छाया’ ही वेगळी गोळी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं सेंटक्रोमॅन, संप्रेरक नसलेलं. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आणि पाजणाऱ्या बाईलाही चालते. माला रोज. दोघींचे नियम एकमेकींत मिसळले की गर्भ राहायला वेळ लागत नाही. जावेला किंवा शेजारणीला कोणती दिली आहे हे पाकीट बघितल्याशिवाय सल्ला देऊ नये.

पहिली गोळी ४ फेब्रुवारीला, रविवारी, पाळीच्या पहिल्या दिवशी घेतली. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरुवात केली तर लगेच संरक्षण मिळतं. त्यानंतर कुठल्याही दिवशी सुरू करता येते, गर्भ नाही एवढी खात्री हवी. मात्र तेव्हा पहिले सात दिवस कंडोम वापरायचा. पाकीट २८ गोळ्यांचं असल्यामुळे सुरुवात रविवारी झाली की पुढचं प्रत्येक पाकीट रविवारीच सुरू होतं. शनिवारी रात्री पाकीट संपलेलं नसेल किंवा एक दिवस आधीच संपलं असेल तर काहीतरी चुकलं आहे हे पट्टी बघताक्षणी कळतं.

वेळ रात्रीच्या जेवणानंतरची ठेवावी. सुरुवातीला मळमळते, आणि भरल्या पोटी गोळी घेऊन झोपलं की ती जाणवत नाही. पहिले दोन-तीन महिने मध्येच डाग दिसतात, स्तन जड होतात, एखादीचं डोकं दुखतं. डाग दिसले म्हणून मध्येच गोळी बंद करणं हे सगळ्यात जास्त घडतं आणि सगळ्यात जास्त महागात पडतं. डाग आपोआप कमी होतात. तीन महिन्यांनंतरही राहिले तर दाखवावं.

तपकिरी गोळ्या सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी रक्तस्राव होतो, पूर्वीच्या पाळीपेक्षा कमी. तो थांबायची वाट बघायची नाही. एकोणतिसाव्या दिवशी नवीन पाकिटातली पहिली पांढरी गोळी, अंगावरून जात असलं तरीही. एखाद्या महिन्यात रक्तस्राव झालाच नाही आणि गोळ्या नियमित घेतल्या असतील तर नवीन पाकीट सुरू ठेवून घरी चाचणी करावी. मध्ये गोळ्या चुकल्या असतील किंवा दोन वेळा ओळीने स्राव झाला नाही तर चाचणीला उशीर करू नये. गोळी चालू असताना गर्भ राहिलाच, तर आधी घेतल्या गेलेल्या गोळ्यांमुळे बाळात व्यंग येत नाही. तो ठेवायचा नसेल तर गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण अविवाहित बाईलाही २० आठवड्यांपर्यंत लागू आहे.

आता चुकलेल्या गोळीबद्दल. हे मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे लिहून ठेवलं आहे, कारण ऐन वेळी डोकं चालत नाही. एक पांढरी गोळी चुकली, म्हणजे ठरल्या वेळेपासून ४८ तास अजून उलटलेले नाहीत: आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, पुढची नेहमीच्या वेळी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. आणखी काही लागत नाही. ओळीने दोन किंवा जास्त चुकल्या: शेवटची चुकलेली एकच लगेच घ्यायची, त्याआधीच्या टाकून द्यायच्या, पुढच्या रोजच्या वेळी चालू ठेवायच्या आणि सलग सात दिवस गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरायचा. या दोन गोळ्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर उरलेल्या पांढऱ्या संपवून तपकिरी न घेता थेट नवीन पाकीट सुरू करायचं. पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीची गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारायचं. ती म्हणजे १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, संबंधानंतर जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो ७२ तासांच्या आत. सरकारी केंद्रावर ती ‘ईझी पिल’ नावाने मिळते. ती घेतली तरी रोजची गोळी चालूच ठेवायची. तपकिरी गोळी चुकली तर काहीच बिघडत नाही, फक्त नवीन पाकिटाचा दिवस हलता कामा नये.

यामागचं कारण समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. बीजकोशाला शांत ठेवायला सलग सात गोळ्या लागतात, आणि सात दिवस संप्रेरक मिळालं नाही तर त्यात बीज वाढायला लागतं. तपकिरी गोळ्यांचा आठवडा म्हणजे आधीच घेतलेली पूर्ण सुट्टी. तिला अलीकडे किंवा पलीकडे दिवस जोडले गेले की बीज सुटू शकतं. म्हणून मधल्या आठवड्यातली एक गोळी चुकण्यापेक्षा नवीन पाकीट तीन दिवस उशिरा सुरू होणं कितीतरी जास्त धोक्याचं आहे. तपकिरी गोळ्या ‘नुसत्या लोहाच्या’ म्हणून फेकून देणाऱ्या बायकांचं हेच होतं. सात दिवस सवय तुटते आणि आठवा दिवस विसरला जातो.

मे महिन्यात, तीन पाकिटं झाल्यावर, रक्तदाब पुन्हा मोजून घेतला: १२०/७८. ही तपासणी टाळू नये. काही बायकांचा रक्तदाब गोळी सुरू झाल्यानंतर चढतो आणि त्याचं कुठलंही लक्षण दिसत नाही. उन्हाळ्यात प्रवास असतो. पुण्याची गाडी धरायची असेल तर गोळ्या हाताशी असलेल्या पर्समध्ये ठेवाव्यात, सुटकेसमध्ये नाहीत, आणि उन्हात तापलेल्या कारमध्ये तर मुळीच नाहीत. लांबच्या प्रवासात दर दोन-एक तासांनी उठून डब्यात फिरावं, पाणी प्यावं.

गुठळीची भीती सगळ्यांनाच वाटते, त्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेले आकडे बघावेत. वर्षाला दर दहा हजार बायकांमागे, गोळी न घेणाऱ्यांत १ ते ५ जणींना गुठळी होते, एकत्रित गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९, गरोदरपणात ५ ते २० आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. म्हणजे धोका खरा आहे, पण गरोदरपणापेक्षा कमी आहे. तो सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, आणि चार आठवडे किंवा जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केली की परत तेवढाच वाढतो. त्यामुळे ‘शरीराला आराम’ म्हणून दर वर्षी दोन-तीन महिने गोळी थांबवण्याची जी पद्धत ऐकायला मिळते, ती उलटी नुकसानीची आहे.

एका पायाची पोटरी दुखणं आणि सुजणं, छातीत दुखणं किंवा अचानक धाप, कधी नव्हे इतकं जोरात डोकं दुखणं, नजर अंधुक होणं किंवा बोलणं अडखळणं, पोटात वरच्या बाजूला तीव्र दुखणं, डोळे पिवळे होणं: यातलं काहीही झालं तर गोळी थांबवायची, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि गोळी चालू असल्याचं पहिल्या वाक्यात सांगायचं. तिथे संकोच करून चालत नाही. घरात निदान एका माणसाला आपण ही गोळी घेतो हे माहीत असावं, तेही याचसाठी.

जूनच्या अखेरीस केंद्रावर साठा संपला होता. एका मेडिकलवर गेले तर दुकानदाराने वेगळ्या कंपनीचं पाकीट पुढे केलं, ‘मैडम, सेम ही है.’ घटक तेच होते, पण पट्टीत फक्त २१ गोळ्या. २१ च्या पाकिटानंतर सात दिवस काहीच घ्यायचं नसतं आणि आठव्या दिवशी नवीन पट्टी सुरू करायची असते. २८ ची सवय असलेली बाई ओळीने दुसरी पट्टी सुरू करेल किंवा दिवस मोजायला विसरून दहा दिवसांचा खंड पाडेल. दुकान बदलून २८ चं घेतलं. पाकिटावर तीन गोष्टी बघायच्या: एकूण गोळ्या किती, घटकांची नावं आणि मिलिग्रॅम, आणि मुदत. एक पाकीट कायम जास्तीचं ठेवावं. ते साठा संपल्यावर उपयोगी पडतं आणि उलटी झाली तरीही.

इंदूरचा पावसाळा आणि सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं, म्हणजे पोट बिघडणं आलंच. गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर जास्तीच्या पाकिटातली एक पांढरी गोळी घ्यायची, चालू पट्टीला हात लावायचा नाही, म्हणजे वार बिघडत नाहीत. उलट्या-जुलाब दोन दिवसांपेक्षा जास्त चालले तर त्या गोळ्या चुकल्यासारख्याच धरायच्या आणि बरं वाटल्यावर सलग सात गोळ्या होईपर्यंत कंडोम.

मग भाद्रपद. ६ सप्टेंबरला हरतालिका. निर्जळा करणाऱ्यांनी गोळी बुडवू नये. रात्री दहाची गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं करताना घेतली तर ती आठ-दहा तास उशिरा झाली, चुकली नाही. त्या रात्रीची पुन्हा नेहमीच्या वेळी. ज्यांना फराळ चालतो त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीवर घ्यावी, रिकाम्या पोटी मळमळते.

११ तारखेला महालक्ष्मीपूजन होतं आणि माझ्या तपकिरी गोळ्या ८ ला सुरू होणार होत्या, म्हणजे रक्तस्राव नेमका पूजेत. आपल्याकडे अशा वेळी मेडिकलवरून ‘पाळी लांबवायच्या गोळ्या’ आणतात. त्या नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाच्या, बहुधा ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि त्यांच्या भरवशावर गर्भ टळत नाही. या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडिऑलमध्ये बदलतो, त्यामुळे जिला गुठळीचा धोका आहे तिला त्याही सुरक्षित नाहीत. एकत्रित गोळी घेणारीने त्या वेगळ्या आणूच नयेत. तपकिरी गोळ्या सोडून ८ तारखेला, रविवारीच, नवीन पाकिटातली पांढरी गोळी सुरू केली की पाळी पुढच्या पाकिटाच्या शेवटी जाते, संरक्षणही तुटत नाही. थोडे डाग दिसू शकतात. पूजेला पाळी अडवावी का, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. अडवायचीच असेल तर अशी अडवावी.

वर्षभरात सगळ्यात जास्त ऐकलेल्या दोन गोष्टी म्हणजे वजन आणि मूल. संशोधनात या गोळीने वजन वाढतं असं ठोस दिसलेलं नाही. पहिल्या महिन्यांत अंगात पाणी साठून थोडं फुगल्यासारखं वाटतं, ते उतरतं. गोळीने वांझपणही येत नाही. बंद केल्यावर पुढच्याच चक्रात गर्भ राहू शकतो. कर्करोगाचं चित्र दोन्हीकडचं आहे: बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, आणि गोळी चालू असेपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो. बिनचूक घेतली तर वर्षाला शंभरात एकीपेक्षाही कमी बायकांना गर्भ राहतो, आणि प्रत्यक्षात घेतली जाते तशी घेतली तर साधारण सात जणींना. एचआयव्ही आणि लैंगिक आजारांपासून ही गोळी वाचवत नाही, त्याला कंडोमच.

फेब्रुवारीत वर्ष झालं तेव्हा रक्तदाब ११८/७६ होता. पर्चीवर आकडा आणि तारीख लिहून घेतली, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या डॉक्टर असतील. दर वर्षी हीच तपासणी आणि तेच प्रश्न पुन्हा, विशेषतः अर्धशिशीचा, कारण तो त्रास मध्येच सुरू होऊ शकतो. मूल हवं झालं की कुठल्याही दिवशी थांबवता येते. पाकीट संपवून थांबवलं तर तारखांचा हिशेब सोपा जातो एवढंच. त्याआधी किमान एक महिना रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावं. गर्भ राहिल्यावरही ते पहिले तीन महिने चालू ठेवायचं असतं.